हे तुझ्याकडे राहू दे

१४ ऑगस्ट २०२१ च्या रात्री मला काबूलहून एक लिंक आली. खाली रोमन अक्षरांत लिहिलेलं हिंदी: हे तुझ्याकडे राहू दे, मी माझ्याकडचं पुसून टाकतोय. दुसऱ्या दिवशी तालिबान काबूलमध्ये शिरले.

पाठवणारा माझा पुण्यातला हॉस्टेलचा मित्र. त्याचं नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, कारण तो अजून तिथेच आहे. आमच्या मजल्यावर दोन अफगाण मुलं होती. दोघांचंही हिंदी सिनेमातून आलेलं, त्यामुळे मेसच्या भाजीबद्दलची तक्रारसुद्धा ते डायलॉग मारल्यासारखी करायचे. हा रात्री सबमिशन लिहिताना गाणी लावायचा. मी इअरफोन घालायचो. चार वर्षांत त्या गाण्यांबद्दल मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

लिंकवर अकरा जीबी होते. चौदाशेच्या आसपास फाइली. नावं अशी: ‘ट्रॅक ०७’, ‘उस्ताद ३’, ‘नवीन फोल्डर २’. काही अत्यंत स्वच्छ, काही कॅसेटवरून उतरवलेल्या, मागे खरखर. मी डेटा स्टोरेजमध्ये काम करतो. लोकांचा डेटा हरवू नये म्हणून त्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मी सवयीने तेच केलं. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. झालं काम, असं वाटून झोपलो.

आमच्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. नुसता बॅकअप घेऊन भागत नाही, तो परत उतरवून, चालवून बघावा लागतो. नाहीतर आपल्याकडे काय आहे ते आपल्यालाच माहीत नसतं. या अकरा जीबीत काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी ऐकायला बसलो, आणि नंतर वाचायला.

पहिला धक्का ‘उस्ताद ३’चा. मला ती फाइल चुकून आलेली वाटली, कारण ते सरळ आपलं गाणं होतं. आलाप, ताना, मध्येच सरगम, मागे तबला आणि हार्मोनियम. फक्त शब्द फारसी. बाबांना ऐकवलं. ते सकाळच्या आकाशवाणीवर वाढलेले. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “पतियाळा दिसतंय. कोण हा?”

गाणारे होते उस्ताद मोहम्मद हुसेन सराहंग. जन्म १९२४, काबूल. वडील उस्ताद गुलाम हुसेन यांनी त्यांना हिंदुस्थानात पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खाँ यांच्याकडे शिकायला पाठवलं. तिथे अनेक वर्षं तालीम घेऊन ते काबूलला परतले आणि १९८३ मध्ये वारेपर्यंत तिथेच गायले. त्यांचा आवडता कवी बेदिल. हा फारसीतला कवी, पण पाटण्याचा आणि दिल्लीचा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या या हिंदुस्थानी कवीला आपण जवळपास विसरलो. काबूलमध्ये मात्र त्याचे शेर लोकांना तोंडपाठ.

सराहंग काबूलमधल्या ज्या गल्लीत जन्मले तिचं नाव खराबात. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खानने दरबारासाठी हिंदुस्थानातून गवई आणि वादक बोलावले. त्यांना बाला हिसार किल्ल्याजवळ, जुन्या शहरात जागा दिली. त्यांचीच मुलं-नातवंडं पुढे काबूलचे उस्ताद झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमानुल्लाच्या दरबारात गाणारे उस्ताद कासिम याच गल्लीतले. हे लोक आपले स्वर सा रे ग म असेच मोजतात. भैरवीला ते ‘बैरमी’ म्हणतात. त्यांचा सात मात्रांचा ताल ‘मोगली’. शागिर्द करून घेताना उस्ताद मनगटाला दोरा बांधतो. आपल्याकडचं गंडाबंधनच ते.

खराबात या शब्दाचा सुफी कवितेतला अर्थ दारूचा गुत्ता, जिथे माणूस स्वतःला विसरतो. मूळ शब्दात मात्र ‘खराब’ आहे, म्हणजे पडझड, अवशेष. गल्लीच्या वाट्याला दोन्ही अर्थ यायचे होते.

गाण्याचा प्रवास एकाच दिशेने झाला असंही नाही. फोल्डरमध्ये सगळ्यात जास्त फाइली रबाबच्या. तुतीचं लाकूड कोरून केलेलं भांडं, त्यावर बकरीचं कातडं, तीन मुख्य तारा आणि खाली तरफेच्या तारांची रांग. आवाज लाकडी, टणक, जवळजवळ ठोक्यासारखा. आपला सरोद याच रबाबपासून घडला असं सर्वसाधारणपणे मानतात. अमजद अली खाँ यांच्या घराण्यात सांगतात की त्यांचे पूर्वज घोड्यांचे व्यापारी म्हणून रबाब घेऊन अफगाणिस्तानातून आले. इथे आल्यावर रबाबला धातूची पट्टी आणि पोलादी तारा मिळाल्या, आणि मिंड लांबवता येऊ लागली. म्हणजे तिकडचं वाद्य इकडे येऊन बदललं, इकडचं गाणं तिकडे जाऊन बदललं. आमच्या भाषेत हुबेहूब प्रत कुठेच नव्हती. तरी दोन्ही जगलं.

एका रबाबच्या फाइलवर मी अडकलो. तबला इतका ओळखीचा होता की मी दोनदा मागे नेऊन ऐकला. शोधल्यावर कळलं, ही सिएटलमधली नोव्हेंबर १९७४ ची मैफल. रबाबवर उस्ताद मोहम्मद ओमर, काबूल रेडिओच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. त्या वर्षी ते तिथल्या विद्यापीठात शिकवायला गेले होते. तबल्यावर तेवीस वर्षांचा एक मुंबईकर, झाकीर हुसेन. दोघांची भेट मैफलीच्या अगदी थोडं आधी झाली आणि दोघांना जोडणारी भाषा नव्हती. पण ताल दोघांचे, सुरांची नावं दोघांची. जुगलबंदीत ते एकमेकांना ज्या सहजतेने जागा देतात ते ऐकताना यात भाषेची अडचण कुठे होती हे सापडत नाही. हे ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून बाहेर आलं २००२ मध्ये. तोवर मोहम्मद ओमर यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

मग मला प्रश्न पडला की इतकं मुरलेलं संगीत एका फर्मानाने बंद कसं होतं? उत्तर शोधताना लक्षात आलं की पाया आधीपासूनच कच्चा होता.

अफगाणिस्तानात संगीतकारांचे दोन वर्ग मानतात, कसबी आणि शौकी. कसबी म्हणजे पिढीजात, पोटासाठी वाजवणारा. शौकी म्हणजे हौशी. मराठीतही ‘कसबी’ हा शब्द कारागिराला लावला की कौतुक होतो आणि बाईला लावला की शिवी. तिथेही काहीसं तसंच. पुष्कळ भागांत पिढीजात वादक हे न्हाव्याचं काम करणाऱ्या घरांतले असत. लग्नात त्यांच्यावाचून चालत नसे, पण मुलगी त्यांच्या घरी कोणी देत नसे. आपल्याकडेही वाजंत्री कोणी वाजवायची हे जातच ठरवत होती, त्यामुळे हे समजायला मला काही जड गेलं नाही. ज्याचं वाजवणं हवं असतं पण ज्याला मान द्यायचा नसतो, त्याच्यावर बंदी घालणं सोपं जातं.

हे बदललं रेडिओने. १९४० च्या दशकात काबूल रेडिओ नीट सुरू झाला आणि खराबातचे उस्ताद सरकारी पगारावर आले. देशभरातली पश्तू, ताजिक, हजारा, उझबेक लोकगीतं एका स्टुडिओत आली. रबाब, दिलरुबा आणि तबल्याशेजारी क्लॅरिनेट बसली. १९५१ मध्ये मीरमन परवीन ही पहिली बाई रेडिओवर गायली. भिंतीआड गाणाऱ्या बाईचा आवाज बाजारात, चहाच्या दुकानात ऐकू आला. पुढे फरीदा महवश आली. १९७७ मध्ये सरकारने तिला ‘उस्ताद’ ही पदवी दिली. ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री.

आणि शौकी लोकांत अहमद जहीर. माझ्या मित्राच्या फोल्डरमध्ये याच्या दोनशेवर फाइली होत्या, हॉस्टेलवर रात्री वाजायचा तो हाच. वडील १९७१-७२ मध्ये पंतप्रधान. मुलगा अकॉर्डियन घेऊन रॉक, हिंदी चाली आणि फारसी गझल एकत्र गायचा. एवढ्या मोठ्या घरातला मुलगा उघडपणे गातो म्हटल्यावर गाणं हलकं कसं म्हणायचं? १४ जून १९७९ ला, आपल्या तेहतिसाव्या वाढदिवशी, सालंगजवळ मोटारीत त्याचा मृत्यू झाला. सरकारने अपघात म्हटलं. लोक आजही खून म्हणतात.

त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा आल्या. इथून पुढचा इतिहास मला ‘आधी गाणं होतं, मग तालिबान आले’ एवढाच माहीत होता. तो तसा नाही. कम्युनिस्ट राजवटीत रेडिओ-टीव्हीवर गाणं भरपूर होतं, पण ते सरकारचं होतं. पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांमध्ये मात्र मुल्लांनी वाद्यं बंद केली होती. देश सुतकात असताना गाणं कसलं, हा युक्तिवाद. १९९२ मध्ये मुजाहिदीन सत्तेवर आले आणि बायका रेडिओ-टीव्हीवर गाईनाशा झाल्या. त्यांच्या आपसातल्या लढाईत रॉकेटं जुन्या शहरावर पडली आणि खराबात गल्ली खरोखरची खराबात झाली. १९९६ मध्ये तालिबान आले तेव्हा बहुतेक उस्ताद आधीच निघून गेले होते. तालिबानने वाद्यसंगीतावर पूर्ण बंदी घातली. नाक्यांवर मोटारी थांबवून कॅसेट फोडल्या जात, आणि त्यांच्या फिती खांबांवर, झाडांवर गुंडाळून ठेवत. वाद्यांशिवाय म्हटलेल्या तरान्यांना मात्र परवानगी होती. त्यांच्या चाली बऱ्याचदा जुन्या लोकगीतांच्याच असत.

रेडिओच्या संग्रहातल्या टेप कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून वाचवल्या. अशी गोष्ट वाचली की माझ्या धंद्यातला माणूस लगेच हळवा होतो. टेप वाचली म्हणजे गाणं वाचलं, असं आम्हाला वाटतं. पण गाणं खऱ्या अर्थाने वाचलं ते पेशावरमध्ये.

पेशावरच्या युनिव्हर्सिटी रोडवर खलील हाउस नावाची एक इमारत होती. खराबातहून पळालेल्या उस्तादांनी तिथल्या खोल्या भाड्याने घेतल्या. दारावर पाटी, आत गादी, हार्मोनियम, तबला. लग्नाचं काम ठरवायला लोक तिथे येत, आणि काम नसेल तेव्हा तिथेच शिकवणी चाले. गोल्डस्मिथ्स कॉलेजातले संशोधक जॉन बेली १९७० च्या दशकात हेरातमध्ये राहून रबाब आणि दुतार शिकले होते. त्यांनी या इमारतीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. त्यांच्या पत्नी व्हेरोनिका डबलडे हेरातच्या बायकांकडून दायरा वाजवायला आणि गायला शिकल्या. बायकांच्या गाण्याची त्या काळची जी थोडी नोंद आहे, तिच्यात त्यांच्या पुस्तकाला मोठी जागा आहे.

खलील हाउसमध्ये शिकवणाऱ्यांत एक तरुण होता, होमायून सखी. त्याचे वडील गुलाम सखी हे मोहम्मद ओमर यांचे शागिर्द. १९९२ मध्ये हे कुटुंब काबूल सोडून पेशावरला आलं. २००१ मध्ये होमायून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला गेला. तिथल्या अफगाण वस्तीला ‘लिटल काबूल’ म्हणतात. तिथल्या लग्नांत कीबोर्ड आणि ड्रम मशीन चालतं, कारण पाहुण्यांना नाचायचं असतं. शेजारच्या घरात होमायून मुलांना रबाब शिकवतो. मोहम्मद ओमर ते गुलाम सखी ते होमायून ते फ्रीमाँटमधलं एखादं पोर: गाणं टिकलं ते या ओळीत. प्रत्येक कडीला समोर बसून चुका काढणारा एक माणूस होता. टेप चूक काढत नाही.

२००१ नंतर काही काळ ही ओळ काबूलला परतली. १३ नोव्हेंबर २००१ ला तालिबान शहर सोडून गेले आणि रेडिओवर पुन्हा गाणं लागलं. आगा खान संस्थेने २००३ पासून काबूलमध्ये, पुढे हेरातमध्ये उस्ताद-शागिर्द पद्धतीचे वर्ग सुरू केले. २०१० मध्ये डॉ. अहमद सरमस्त यांनी अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्था उघडली. अनाथ मुलं, रस्त्यावर काम करणारी मुलं आणि मुली यांना तिथे मुद्दाम जागा होती. रबाब आणि तबल्याबरोबर व्हायोलिन आणि चेलो. तीन वर्षांत ही मुलं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून घरी परतली. ११ डिसेंबर २०१४ ला काबूलमध्ये एका कार्यक्रमात आत्मघाती हल्लेखोराने स्वतःला उडवलं. सरमस्त यांचे कान गेले. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रिया झाली, ऐकू बरंचसं परत आलं आणि ते पुन्हा शाळेत रुजू झाले. मुलींचा ‘जोहरा’ वाद्यवृंद २०१७ मध्ये दावोसला वाजवून आला. २०१९ मध्ये ‘अफगाण स्टार’ ही टीव्ही स्पर्धा पहिल्यांदा एका मुलीने जिंकली, जहरा इल्हामने.

नंतर ऑगस्ट २०२१. त्याच महिन्यात बगलानच्या अंदराब खोऱ्यात फवाद अंदराबी या लोकगायकाला घरातून बाहेर काढून गोळी घातली. संगीत संस्था बंद पडली. तिची मुलं, शिक्षक आणि काही कुटुंबीय असे २७३ लोक कतारमार्गे डिसेंबरमध्ये पोर्तुगालला पोचले. आता ती शाळा ब्रागा आणि गिमारायंश या गावांत चालते. ऑगस्ट २०२४ मध्ये हा वाद्यवृंद पुन्हा कार्नेगी हॉलमध्ये वाजला. या खेपेला वाजवून परत काबूलला जाणं नव्हतं. त्याच महिन्यात काबूलमध्ये नवा कायदा आला. त्यानुसार बाईचा गाण्याचा आवाजसुद्धा घराबाहेर ऐकू येता कामा नये. आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, हेरातमध्ये तबले, हार्मोनियम, गिटार यांचा ढीग करून जाळला होता. त्याचे फोटो मी ऑफिसात लंच ब्रेकमध्ये पाहिले. एका तबल्याचं पान फुगून फाटलेलं होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान यांचा सामायिक वारसा म्हणून. त्याच महिन्यात झाकीर हुसेन गेले. मी रात्री सिएटलची ती फाइल लावली आणि मित्राला त्याबद्दल लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ऐकलं. वाईट वाटलं. मग आणखी एक ओळ: त्या फोल्डरमध्ये शेवटची फाइल आहे, बावन्न सेकंदांची. ती पाठवशील?

ती मला माहीत होती. मी तिला ‘अज्ञात, घरगुती’ असं लेबल लावलं होतं. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग. कोणीतरी रबाबवर सरगम वाजवतंय, चौथ्या सुरावर अडखळतंय. म्हातारा आवाज थांबवतो, तो सूर म्हणून दाखवतो. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच चूक. म्हातारा हसतो. एक मुलगीही हसते. संपलं.

ती त्याची धाकटी बहीण. घरी शिकत होती. उस्ताद पुढे देशाबाहेर गेले. रबाब त्यांनी २०२१ मध्येच कोणाकडे तरी देऊन टाकला.

मी फाइल पाठवली. चौदाशे फाइलींना मी तोवर नावं दिली होती: गायक, राग, ताल, जमेल तिथे साल. सगळं तीन ठिकाणी सुरक्षित होतं, आणि या एका फाइलीतलं जे होतं ते कुठेच नव्हतं. ते परत उतरवायला एक रबाब, एक म्हातारा आणि दार बंद करायची गरज नसलेली एक खोली लागते.

तिने ऐकली, असं त्याने कळवलं. आणि म्हणाला, आता पुसतो. फोन कुठेही तपासतात.

महिन्याभराने पुन्हा निरोप आला, ती फाइल पाठव. तेव्हापासून हे असंच चाललंय. तो मागतो, मी पाठवतो, ती ऐकते, तो पुसतो. आतापर्यंत अकरा वेळा. गेल्या खेपेला त्याने सांगितलं की ती आता पाटावर बोटं ठेवून सोबत वाजवते, आवाज न करता. आणि चौथ्या सुरावर अडखळत नाही.